गंज जावा, झाक राहावी

जुन्या इंग्रजी दुनळी बंदुकीच्या नळ्यांवर जी खोल, निळसर काळी झाक दिसते, ती मुळात गंजापासूनच तयार केलेली असते. बर्मिंगहॅमच्या कारागिरांची रीत साधारण अशी होती. नळी घासून गुळगुळीत करायची, तिच्यावर तेलाचा अंशही राहू द्यायचा नाही, मग आम्ल आणि लोहक्षार असलेले द्रावण हलक्या हाताने फिरवून ती दमट कपाटात टांगायची. काही तासांनी तिच्यावर तांबूस गंजाची बारीक लव उठते. ही नळी स्वच्छ पाण्यात उकळली की तांबडा गंज काळा पडतो, म्हणजे मॅग्नेटाइट नावाच्या लोहाच्या काळ्या ऑक्साइडमध्ये त्याचे रूपांतर होते. सुटी काजळी बारीक तारांच्या ब्रशने झाडायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. असे सहा-आठ फेरे झाले की ती झाक येते. तिला ब्लूइंग म्हणतात. उकळण्याची पायरी गाळली तर नळी तपकिरी राहते. ठासणीच्या कित्येक जुन्या बंदुकांवरचा तपकिरी रंग असा मुद्दाम आणलेला असतो, पण घरातली माणसे तो गंज समजून घासून काढतात.

सगळी अडचण इथेच आहे. झाकही लोहाचे ऑक्साइड आणि गंजही लोहाचे ऑक्साइड. तांबडा गंज विरघळवणारे रसायन काळ्या थराला सोडत नाही. लिंबू, चिंच, व्हिनेगर, फॉस्फरिक आम्ल असलेले गंजनाशक, संडास धुण्याचे अ‍ॅसिड, या सगळ्यांनी गंज जातो हे खरे, पण त्यासोबत झाकही जाते आणि खाली उघडे, करडे पोलाद उरते. ‘आम्ल नाही, धातूला सुरक्षित’ असे लिहिलेली गंजनाशकेही लोहाचे ऑक्साइड ओढून घेऊनच काम करतात, त्यामुळे तीही ब्लूइंग उतरवतात. शिवाय या थराची जाडी ती किती? कारखान्यात कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या सुमारे 140 अंश तापलेल्या द्रावणात बुडवून केलेले ब्लूइंग एक-दोन मायक्रॉन जाडीचे असते. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉनचा असतो. एवढ्या पातळ थरावर चुकीच्या हाताने दहा मिनिटे घासले, तर शंभर वर्षे टिकलेले काम संपते. जुन्या बंदुकांचे नुकसान गंजाने जितके केले, तितकेच गंज काढणाऱ्यांनी केले आहे, असे माझे ठाम मत आहे.

कोकणात आणि घाटमाथ्यावर डुकरे-वानरांपासून शेत राखण्यासाठी परवान्याची ठासणीची किंवा काडतुशी बंदूक असलेली घरे अजून आहेत. जुन्या वाड्यांतून आजोबा-पणजोबांच्या वेळच्या वेब्ली अँड स्कॉट किंवा ग्रीनरच्या दुनळ्या आहेत. आपली हवा या वस्तूंची वैरीण आहे. हवेतली सापेक्ष आर्द्रता साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर गेली की उघड्या लोखंडावर पाण्याचा न दिसणारा पापुद्रा धरतो आणि गंजाला वाट मिळते. किनाऱ्यावर पावसाळ्यात ती महिनोन्‌महिने ऐंशीच्या वर असते. त्यात समुद्रावरून येणारे मीठ आणि हाताचा घाम. दोन्हींतले क्लोराइड हवेतून पाणी ओढते, म्हणून मीठ लागलेले लोखंड त्याहून कोरड्या हवेतही गंजते. पाहुण्यांना बंदूक दाखवली, नळीला हात लागले आणि तशीच ती कपाटात गेली, तर दोन-तीन आठवड्यांत बोटांच्या ठशांच्या रेषा तांबड्या उमटलेल्या दिसतात. गंजाचा थर सच्छिद्र असतो, तो ओल धरून ठेवतो, आणि वरून टिंब दिसत असताना खाली खड्डा पडत जातो. त्या खड्ड्यातला धातू कायमचा गेलेला असतो, कुठल्याही सफाईने तो परत येत नाही. म्हणून गंज काढण्याचा हेतू बंदूक नवी दिसावी हा नसून खड्डा वाढू नये हा असतो. एवढे पक्के ठरवले की हात आपोआप हलका पडतो.

कामाला हात घालण्याआधी बंदूक रिकामी आहे याची खात्री करायची. काडतुशी बंदूक मोडून, म्हणजे नळ्या खाली उतरवून, दोन्ही घरे डोळ्यांनी पाहता येतात. ठासणीच्या बंदुकीत तसे दिसत नाही, आणि खरा धोका तिथेच आहे. अशा बंदुका कधीकाळी बार भरून ठेवलेल्या, पुढे विसरल्या गेलेल्या सापडतात. काळी दारू कोरडी राहिली असेल तर कित्येक दशकांनंतरही ती पेट घेते. तपासायची रीत सोपी आहे. नळीचे तोंड स्वतःकडे किंवा कोणाकडेही न येऊ देता एक लाकडी काठी हळूच आत सोडायची, ती टेकली की तोंडाशी खूण करायची, मग तीच काठी बाहेरून नळीला लावून पाहायची. खूण केलेली लांबी केप बसवायच्या जागेपर्यंत पोचत असेल तर नळी रिकामी. बोटभर, दोन बोटे कमी पडत असेल तर आत काहीतरी आहे. तो बार घरी उकरायचा नाही, मागून ठोकायचा नाही. बंदूक तशीच बाजूला ठेवून परवानाधारक शस्त्रविक्रेत्याला किंवा पोलिसांना कळवायचे. अशी बंदूक खाटेखालून किंवा माळ्यावरून निघाली आणि तिचा परवाना कोणाच्याच नावावर नसेल, तर सफाईचा विचार नंतर, आधी कागदपत्रांचा. 1959 च्या शस्त्र कायद्याखाली वारसालाही शस्त्र स्वतःच्या नावावर करून घ्यावे लागते.

दुसरे काम म्हणजे समोर काय आहे ते ओळखणे. ते दिवसाच्या उजेडात, खिडकीशी बसून, घड्याळजीकडे असते तसले भिंग लावून करावे. एकाच बंदुकीवर तीन-चार प्रकारची झाक असू शकते. नळ्या ब्लूइंगच्या. घोडे आणि चाप बसवलेला मधला लोखंडी भाग हाडांच्या कोळशात तापवून पाण्यात विझवलेला, त्यामुळे त्याच्यावर निळ्या, पिवळट, तपकिरी रंगांचे ढग. हे ढग इतके नाजूक असतात की त्यांना तेल आणि मऊ कापड यापलीकडे काहीही लावू नये. तिथला गंज पूर्ण निघाला नाही तरी चालेल. जुन्या रिव्हॉल्व्हरवर निकेलचा मुलामा असतो. त्याच्या बारीक छिद्रांतून ओल आत शिरते आणि गंज मुलाम्याच्या खालून वर येतो. तिथे घासले की मुलाम्याचे पोपडे उडतात, आणि अमोनिया असलेले नळी साफ करायचे द्रव वापरले तर निकेलखालचा तांब्याचा थरच खाल्ला जातो. लष्करी हत्यारांवरचा मंद करडा, खरखरीत थर फॉस्फेटचा असतो आणि तो तेल छान धरतो. आपल्याकडच्या तोड्याच्या बंदुकांवर कोफ्तगिरी असेल, म्हणजे पोलादावर बारीक चरे पाडून त्यांत सोन्याची किंवा चांदीची तार ठोकून बसवली असेल, तर घरी काहीच करू नका. तारेखाली शिरलेला गंज सोने उचलून धरतो, आणि एका फटक्यात गंजासोबत सोनेही कापडावर येते.

गंजही सगळा सारखा नसतो. नारिंगी, भुरभुरीत, बोट फिरवले तर बोटाला लागणारा गंज जिवंत असतो, तो खात असतो. गर्द तपकिरी, गुळगुळीत, धातूला घट्ट बसलेला थर बहुतेक वेळा थांबलेला असतो. पहिला काढायचा, दुसऱ्याला तेल लावून राहू द्यायचे.

आता काम. लागणाऱ्या वस्तू साध्या आहेत. शिलाई मशीनचे तेल, म्हणजे पातळ खनिज तेल. जुन्या धोतराचे किंवा मलमलीचे धुतलेले तुकडे. आणि तांबे. विजेच्या सामानाच्या दुकानात अर्थिंगसाठी तांब्याची पट्टी मिळते, तिचा वीतभर तुकडा घेऊन एक टोक कानशीने तिरके, पण बोथट करून घ्यावे. तांबेच का, याचे उत्तर खनिजांच्या कठीणपणाच्या मापात आहे. मोस यांच्या मापावर तांबे साधारण 3 वर बसते, मॅग्नेटाइट साडेपाच ते साडेसहावर. म्हणजे तांबे काळ्या थराला ओरखडू शकत नाही, उलट तेच झिजते. तांबडा गंज मात्र भुसभुशीत, एकमेकांना सैल धरून बसलेल्या कणांचा असतो आणि तांब्याच्या रेट्याने तुटतो. पितळेचाही गुण असाच. सोनारांकडे असतो तसला मऊ पितळी तारांचा ब्रश नक्षीच्या रेघांत उपयोगी पडतो.

आधी कोरड्या कापडाने धूळ टिपून घ्यायची, पुसायची नाही, कारण धुळीतली वाळूच ओरखडे काढते. मग डागांवर तेल लावायचे आणि थांबायचे. एक रात्र तरी. हे थांबणेच लोकांना जमत नाही, पण अर्धे काम त्यातच होते. तेल गंजाच्या छिद्रांतून खाली उतरते आणि त्याची धातूवरची पकड सैल करते. दुसऱ्या दिवशी कापड फिरवले तर ते कोऱ्या चहाच्या रंगाचे होते. हलका गंज एवढ्यानेच जातो. उरलेल्या टिंबांवर पुन्हा तेलाचा थेंब टाकून तांब्याची पट्टी जवळजवळ आडवी धरून, नळीच्या लांबीच्या दिशेने, पेन्सिलने सावली भरावी इतक्याच जोराने फिरवायची. सुरुवातीला पट्टीखाली खरखर जाणवते, तेलात तांबडा गाळ येऊ लागतो. थोड्या वेळाने खरखर थांबते आणि पट्टी घसरू लागते. घसरू लागली की गंजाचा वरचा भाग संपला, आता थांबायचे. गाळ लगेच टिपायचा, कारण गंजाचे कण तेलात फिरत राहिले की तेच पॉलिशसारखे घासू लागतात. कधी पट्टीची तांबूस रेघ नळीवर उमटते, ती तेलाच्या कापडाने निघते. टिंबाच्या जागी काळपट, बारीक खळगा दिसेल. तो तसाच राहू द्यावा. त्याचा तळ चकचकीत करण्याच्या नादात आजूबाजूची झाक जाते.

पहिला प्रयोग नळीच्या खालच्या बाजूला, पुढच्या लाकडाखाली झाकल्या जाणाऱ्या जागी करावा. कापडावर तांबडे येते आहे तोवर ठीक. ते काळे-निळे होऊ लागले तर झाक उतरते आहे, तिथल्या तिथे हात थांबवावा.

गंज जास्त असेल तर पोलादी लोकर वापरावी की नाही, यावर जाणकारांतही दोन मते आहेत. 0000 नंबरची, सगळ्यात बारीक, भरपूर तेलात भिजवून, अगदी हलक्या हाताने वापरली तर घट्ट ब्लूइंग टिकते हे खरे. पण ती पोलादाचीच असल्याने हात जड झाला की झाक विरळ होते. मी ती शेवटचा उपाय समजतो. भांडी घासायची हिरवी घासणी तर बंदुकीच्या जवळही नको. तिच्यात अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे कण असतात, म्हणजे ती एमरी कागदाची सख्खी बहीणच. ब्रासोसारखे पॉलिश, टूथपेस्ट, रांगोळी, विटकरीचा भुगा हेही तसेच. पूर्वी फौजेत आणि संस्थानांच्या शिलेखान्यांत विटकरीच्या भुग्याने हत्यारे लख्ख करण्याची पद्धत होती, आणि संग्रहालयांत आज ज्या नळ्यांवरची अक्षरे, शिक्के, नक्षीच्या कडा बोटाला लागतही नाहीत, त्यांतल्या कित्येक त्या लख्खपणाच्या बळी आहेत.

जिथे नळ्यांवर जुन्या पद्धतीचे ब्लूइंग आहे आणि गंज पातळ पण सर्वदूर पसरलेला आहे, तिथे एक फार सुंदर उपाय कारागीर करतात. नळ्या लाकडापासून वेगळ्या करून, तेल पूर्ण काढून, त्या क्षारविरहित पाण्यात उकळतात. ज्या क्रियेने मूळ झाक आली तीच क्रिया पुन्हा घडते. नको असलेला तांबडा गंज काळ्या ऑक्साइडमध्ये बदलतो, मग सुटी काजळी मऊ ब्रशने झाडून तेल देतात. गंज काढून फेकण्याऐवजी तो झाकेत सामील करून घेतला जातो. मात्र दुनळीच्या दोन नळ्या मधल्या पट्टीला मऊ डाख देऊन जोडलेल्या असतात आणि पट्टीखाली पोकळी असते. तिथे पाणी शिरून राहिले तर आतून गंज सुरू होतो. म्हणून हे काम ज्याने पूर्वी केले आहे अशा, दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराकडूनच करून घ्यावे. अशीच दुनळी कोणी कॉस्टिकच्या गरम द्रावणात बुडवून ‘नवे ब्लूइंग’ करून देतो म्हणाला तर साफ नकार द्यावा. कॉस्टिक डाख खाते आणि नळ्या सुट्या होतात.

नळीच्या आतल्या गंजाची गोष्ट वेगळी आहे. काळ्या दारूची राख पाणी ओढते. जुन्या काडतुसांच्या टोप्यांत पोटॅशियम क्लोरेट असे, त्यातून बार उडाल्यावर पोटॅशियम क्लोराइड उरे, आणि ते मिठासारखेच वागते. तेलात ते विरघळत नाही, पाण्यातच विरघळते. म्हणून .303 रायफल वापरणाऱ्या ब्रिटिश फौजेत गोळीबारानंतर नळीत उकळते पाणी ओतण्यासाठी खास नरसाळे मिळत असे. पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडे करून मग तेल, हा क्रम ठासणीच्या बंदुकीला आजही लागू आहे.

गंज काढल्यावर उघडी पडलेली जागा आधीपेक्षा जास्त असुरक्षित असते. आपल्याकडे हाताशी म्हणून खोबरेल तेल लावतात. काही दिवस ते चालते, पण वनस्पती तेले खवट होतात आणि खवटपणा म्हणजे आम्ल. जवसाचे तेल तर सुकून चिकट कातडे धरते, ते लाकडाला चांगले, लोखंडाच्या फिरत्या भागांना नाही. रॉकेल घाण सोडवते, पण उडून जाते आणि मागे संरक्षण ठेवत नाही. डब्ल्यूडी-40 चेही थोडेफार तसेच. 1953 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगोच्या एका छोट्या कंपनीने ते बनवले ते पाणी हटवण्यासाठी, आणि अ‍ॅटलास क्षेपणास्त्राचे कवच गंजू नये म्हणून ते वापरले गेले. पावसात भिजून आलेल्या बंदुकीवर ते जरूर फवारावे, पण पुसून झाल्यावर नेहमीचे तेल द्यावे, त्याच्या भरवशावर चार महिने काढू नयेत. फक्त जपून ठेवायच्या बंदुकीला मायक्रोक्रिस्टलाइन मेण सगळ्यात चांगले. 1950 च्या दशकात ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत तयार झालेले रेनेसाँस वॅक्स हे त्यातले नावाजलेले. कापसाने अगदी पातळ लावून, थोड्या वेळाने मऊ कापडाने चोळले की बोटांचे ठसे धातूपर्यंत पोचत नाहीत, धूळ चिकटत नाही आणि दस्त्याचे लाकूडही तेलाने काळे पडत नाही.

तेल जास्त झाले तरी घात होतो. बंदूक नळी वर करून उभी ठेवली की तेल उतरून दस्त्याच्या खाचेत मुरते आणि लाकूड मऊ पडते. जुन्या दस्त्यांच्या मनगटाशी दिसणाऱ्या चिरा कित्येकदा याच कारणाने असतात. चामड्याच्या किंवा कॅनव्हासच्या म्यानात बंदूक महिनोन्‌महिने ठेवू नये. चामडे कमावताना वापरलेली आम्ले आणि क्षार त्यात असतात, आणि चामडे व कॅनव्हास दोन्ही ओल धरतात. हवा खेळेल असे कुलूपबंद लाकडी किंवा लोखंडी कपाट, भिंतीला न टेकलेले, आत सिलिका जेलच्या पिशव्या, आणि त्या पिशव्या पावसाळ्यात दर महिन्याला तापवून पुन्हा कोरड्या करणे, एवढे पुरते.

आपल्याकडचे दोन प्रसंग मुद्दाम सांगायला हवेत. पहिला खंडेनवमीचा. शस्त्रे मांडायची, हळद-कुंकू, ओल्या अक्षता, झेंडूची फुले वाहायची, आणि दुसऱ्या दिवशी उचलायची. रात्रभर ओल्या फुलाखाली राहिलेल्या नळीवर फुलाच्या आकाराचा तांबडा डाग मी पाहिलेला आहे, आणि तो पुढच्या वर्षी आणखी खोल झालेलाही. पूजेत खंड पडायचे कारण नाही. आदल्या दिवशी नळीला मेण द्यावे, फुले-अक्षता दस्त्यापाशी किंवा खाली पाटावर वाहाव्यात, गंध बोटाने दस्त्याच्या लाकडाला लावावे, आणि आरती झाली की धातू पुसून तेलाचा हात फिरवावा. दुसरा प्रसंग निवडणुकीचा. आचारसंहितेच्या काळात परवान्याची शस्त्रे अनेकदा पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात आणि महिना-दोन महिने तिथे राहतात. जमा करण्यापूर्वी सगळ्या धातूला मेण किंवा घट्टसर तेल लावावे, सुती कापडात सैल गुंडाळावे, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करू नये. परत मिळाल्याच्या दिवशीच उघडून पाहावे. तो दिवस चुकला तर तिथल्या हातांचे ठसे नळीवर कायमचे बसतात.

आणखी एक, आणि हे जिवाशी संबंधित आहे. गंज निघाला म्हणून बंदूक उडवायला योग्य झाली असे होत नाही. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेल्या जुन्या दमास्कस नळ्यांत तर गंज पट्ट्यांच्या सांध्यांतून आत गेलेला असू शकतो, आणि आजच्या धूरविरहित दारूच्या काडतुसांचा दाब त्या नळ्यांसाठी नव्हेच. कारागिराने भिंतीची जाडी मोजून सांगितल्याशिवाय अशी बंदूक भिंतीवरच बरी.

गंज खोल असेल, नक्षीत किंवा सोन्याच्या कामात शिरला असेल, किंवा बंदूक शंभर वर्षांहून जुनी असेल, तर तेलाचा हात देऊन थांबा आणि वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धकाला दाखवा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तूंच्या संवर्धनाचे केंद्र आहे, चौकशीची सुरुवात तिथून करता येईल. आणि पूर्ण घासून, नव्याने काळी करून देण्याचा मोह कोणी घातला तर त्याला बळी पडू नका. निर्मात्याचे नाव, चाचणीचे शिक्के, मूळ कारागिराच्या हाताची झाक हे सगळे त्या घासण्यात जाते, संग्राहकांच्या लेखी किंमत उतरते, आणि ते परत आणण्याचा उपाय कोणाकडेच नाही.